वडोदरा: ३८,००० किमीवर शॉकअपमधून ऑइल गळतंय, सर्व्हिस सेंटर म्हणतं 'खड्ड्यामुळे'. वॉरंटीत बदलून मिळेल का?

मिळू शकतं, पण काउंटरवर भांडून नाही. जॉब कार्डवर (गाडी कामाला घेताना सर्व्हिस सेंटर बनवतं ती नोंद) 'पुढचा डावा शॉकअप, ऑइल गळती' असं लिहून घ्या, नकाराचं कारणही लेखी मागा. खड्ड्याचा मार असेल तर बहुधा शॉकअपचा रॉड किंवा लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) वाकतो, रिमला पोचा पडतो. हे सगळं सरळ असून नुसतं सील गळत असेल, तर तुमची बाजू भक्कम. फोटो, अलाइनमेंट रिपोर्ट, सर्व्हिसची बिलं आणि चॅसी नंबर जोडून थेट कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. डीलरच्या 'बघतो'वर थांबू नका. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर 'गुडविल'मध्ये मागा. पार्ट कंपनीचा, मजुरी तुमची, असा तोडगा निघू शकतो. दाद नाहीच दिली तर १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग; तिथे दाखल करायची मुदत २ वर्षं.