उरलेलं कुठे गेलं?

रसायनशास्त्राविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न

मॅडम, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डाळिंबाच्या सालीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवण्याचा प्रकल्प केला. परवा मेल आला की युरोपात हरित रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद आहे, त्यात ‘वक्ता’ म्हणून माझी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क लगेच भरा. घरी सगळे खूश आहेत, वडील कर्ज काढायला निघालेत. जाऊ का? आणि या विषयात सध्या नवीन काय चाललंय?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

बाळ, आधी वडिलांना थांबव.

असे मेल माझ्या विद्यार्थ्यांना सतत येतात आणि दर वेळी माझा जीव तुटतो. तू अजून गोषवारा पाठवलेला नाहीस, तरी निवड झाली? कुणी काय वाचून निवडलं? सल्लागार समितीत ज्यांची नावं छापलीत, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन या परिषदेचा उल्लेख सापडतो का बघ. त्यांना दोन ओळींचा मेल टाकून सरळ विचार. त्याच तारखांना त्याच हॉटेलात दंतवैद्यक, शेती आणि नॅनोविज्ञान अशा तीन-चार ‘जागतिक परिषदा’ असतील, तर तिथे रसायनशास्त्र चालत नाही, शुल्क गोळा होतं. हैदराबादच्या अशाच एका कंपनीला 2019 साली अमेरिकेतल्या न्यायालयाने 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला होता.

खऱ्या परिषदा आहेत. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या ग्रीन केमिस्ट्री इन्स्टिट्यूटची परिषद 1997 पासून भरते. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2006 साली जर्मनीत ड्रेस्डेनला आपली पहिली हरित रसायन परिषद घेतली, पुढच्या परिषदा वेगवेगळ्या देशांत झाल्या. आपल्या मुंबईत 2009 पासून इंडस्ट्रियल ग्रीन केमिस्ट्री वर्ल्ड भरत आली आहे. तिथे कारखान्यांची माणसं भेटतात, म्हणून मला ती विद्यार्थ्यांसाठी जास्त मोलाची वाटते. पण तुझ्यासाठी पहिली पायरी याहूनही जवळ आहे. आपल्याच विद्यापीठातल्या चर्चासत्रात पोस्टर लाव. मग सरांकडून पत्र घेऊन सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकड आणि पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, एखाद्या संशोधकाला वही दाखव. त्या तासाभरात मिळेल ते परदेशातल्या हॉटेलच्या रिकाम्या हॉलमध्ये मिळणार नाही.

आता तुझ्या प्रकल्पाविषयी. मनापासून सांगते, म्हणून थोडं कडक वाटेल. साल वापरली म्हणून काम हरित, म्हणजे कमी कचऱ्याचं आणि कमी घातक, ठरत नाही. सालीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, द्रावण पिवळं-तपकिरी होतं, 400 ते 450 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचं शिखर दिसतं, सगळं बरोबर. यात वाचलं काय? याच कामाला एरवी वापरलं जाणारं थोडंसं सोडियम बोरोहायड्राइड. आणि खर्च काय झालं? साल उकळायला लागलेली वीज, सेंट्रिफ्यूजच्या फेऱ्या, धुण्याचं पाणी. शिवाय सिल्व्हर नायट्रेट होतंच. ते चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून बनतं, त्या वेळी नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड निघतात, आणि उरलेली चांदी पाण्यात गेली तर जलचरांना घातक. हे सगळं तुझ्या प्रबंधात एका तक्त्यात असायला हवं, शेजारी बोरोहायड्राइडच्या पद्धतीचा रकाना ठेवून. तुलना केलीस तरच निष्कर्षाला वजन येईल.

हे हिशेबाचं शास्त्र आपल्याकडे शिकवताना मागे पडतं, याचं मला वाईट वाटतं. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांची 1998ची हरित रसायनाची बारा तत्त्वं मुलांना तोंडपाठ असतात. पण रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये मांडलेला ई-फॅक्टर, म्हणजे एक किलो माल बनवताना किती किलो कचरा झाला, तो स्वतःच्या प्रयोगाचा काढलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो.

एक उदाहरण धरू. तुझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा लिंबाच्या रसात ‘वन-पॉट’, म्हणजे एकाच भांड्यातली, अभिक्रिया करतो. दहा मिली पाणी, एक ग्रॅम माल. शोधनिबंधात लिहितो: माध्यम पाणी, उत्प्रेरक नैसर्गिक. पुढे तो माल 90 मिली इथाइल अ‍ॅसिटेटने काढून घेतो, माल शुद्ध करायला 60 ग्रॅम सिलिकाची नळी, म्हणजे कॉलम, भरतो आणि हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेटचं अर्धा लिटर मिश्रण त्यातून सोडतो. वजनं कर: इथाइल अ‍ॅसिटेटचे 81 ग्रॅम, मिश्रणाचे साधारण 350, सिलिकाचे 60. एका ग्रॅमसाठी जवळजवळ पाचशे ग्रॅम! त्यात एन-हेक्झेन चेतातंतूंना इजा करणारं. मालाचे इथेनॉलमधून स्फटिक पाडता आले असते तर कॉलम लागलाच नसता. औषध उद्योगातही वापरल्या जाणाऱ्या एकूण वस्तुमानात सर्वांत मोठा वाटा द्रावकांचाच, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवांचाच, असतो, म्हणून अभिक्रियेइतकंच लक्ष पुढच्या वेगळं करण्याकडे द्यायचं.

नवीन काय, म्हणशील तर द्रावकांवरच सगळ्यात जास्त हालचाल आहे. युरोपात डीएमएफ या द्रावकाच्या वापरावर 2023च्या डिसेंबरपासून कडक मर्यादा आल्या, अमेरिकेने 2024 मध्ये मिथिलीन क्लोराइड या दुसऱ्या द्रावकाचे बहुतेक वापर बंद केले. आपल्या प्रयोगशाळांत अजून दोन्हींच्या बाटल्या सर्रास उघड्या असतात. दुसरीकडे द्रावकच न वापरता बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या भांड्यात, घोटून किंवा एक्स्ट्रूडर या मळून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून अभिक्रिया घडवण्याचं काम वेगाने वाढतंय. आययूपीएसीने 2019 मध्ये निवडलेल्या दहा उगवत्या तंत्रांत रिअ‍ॅक्टिव्ह एक्स्ट्रूजन होतं. आणि एन्झाइम! फ्रान्सिस अरनॉल्ड यांना 2018चं नोबेल मिळालं ते एन्झाइमांची प्रयोगशाळेत उत्क्रांती घडवण्यासाठी. त्याच मार्गाने घडवलेल्या एन्झाइमने मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनच्या निर्मितीत जड धातूचा उत्प्रेरक हटवला, कचरा सुमारे 19 टक्क्यांनी कमी केला.

तुला डाळिंब सोडायचं नसेल तर सोडू नकोस. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, जिल्हाभर बागा आहेत. पण नॅनोकणांऐवजी सालीतल्या टॅनिनचा सुती धाग्यावर रंगबंधक म्हणून उपयोग तपासून बघ. हिरडा त्यासाठी पिढ्यानपिढ्या वापरलाच जातो. तो प्रकल्प सोलापूरला खरोखर लागेल.

बाई, आमचं छोटं डाइंग हाऊस आहे, टॉवेल-चादरीचं सूत रंगवतो. पाण्याविना रंगाई निघाली आहे म्हणे. आमच्या कामाची आहे का? मिठाच्या पाण्याने बेजार झालोय.
— एक रंगाई व्यावसायिक, सोलापूर

दादा, तुम्ही म्हणताय ती रंगाई कार्बन डायऑक्साइडमध्ये होते. 31 अंश सेल्सिअस आणि साधारण 74 बार दाबाच्या पुढे तो वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेत जातो आणि पॉलिस्टरला लागणारे डिस्पर्स रंग विरघळवतो. त्या धाग्याला ते छान लागू पडतं. तुमच्या सुती धाग्याचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग त्यात विरघळत नाहीत, म्हणून सध्या त्यामागे पैसे घालू नका.

तुमचा खरा प्रश्न मिठाचा आहे. पाण्यात सूत ऋणभारित, रंगही ऋणभारित, म्हणून मीठ घालून त्यांना जवळ आणावं लागतं. पण मीठ धाग्यात राहत नाही, टाकलं तेवढं सगळं नालीत जातं आणि ईटीपीतले, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतले, जंतू ते खाऊ शकत नाहीत. लिटरला 60 ग्रॅम मीठ आणि एकास दहा लिकर, म्हणजे एक किलो सुताला दहा लिटर पाणी, धरा: शंभर किलोच्या लॉटला 60 किलो मीठ. मशीन एकास सहावर चाललं तर 36 किलो. कुठलंही नवं रसायन न घेता 24 किलो वाचलं, पाणी तापवायचं इंधन वेगळं. त्यामुळे जुनं मशीन बदलायची वेळ येईल तेव्हा पहिला प्रश्न लिकर रेशोचा विचारा. दोन पकडींचे, म्हणजे बायफंक्शनल रंग धाग्याला जास्त धरतात, सोपिंगच्या धुण्या कमी होतात. ब्लीचिंगनंतर उरलेलं पेरॉक्साइड काढायला कॅटालेज एन्झाइम वापरलं तर गरम पाण्याच्या धुण्या वाचतात.

सुताला धनभार देऊन बिनमिठाची रंगाई विकायला कुणी आलं, तर त्याला विचारा की तुझ्या रसायनातलं किती धाग्याला लागतं आणि उरलेलं कुठे जातं. त्यातला काही भाग पाण्याशीच अभिक्रिया करून वाया जातो, आणि हाताळताना त्यातून बनणारं इपॉक्साइड धोक्याचं आहे. आकडा लेखी मिळाल्याशिवाय ट्रायल लॉटही लावू नका, कामगारांच्या हाताचा प्रश्न आहे.

हरित रसायन नववी-दहावीच्या मुलांना कसं सांगू? शाळेत साधनं फार नाहीत.
— एक शिक्षिका, अक्कलकोट रस्ता

आयबुप्रोफेनपासून सुरुवात करा, गोळी मुलांच्या घरात असते. जुनी कृती सहा टप्प्यांची, तिच्यात कच्च्या मालातले वजनाने सुमारे 40 टक्के अणूच गोळीत पोचायचे. नवी तीन टप्प्यांची, 77 टक्के पोचतात. मुलांना फळ्यावर अणू मोजू द्या, त्यांना ते फार आवडतं. साधनांचं म्हणाल तर प्रयोगच छोटे करा: ब्युरेटऐवजी औषधाच्या दुकानातली सिरिंज, 25 मिलीऐवजी 2 मिली द्रावण, आणि तासाच्या शेवटी सगळ्यांचं उरलेलं आम्ल व अल्कली एकाच बादलीत, लिटमसने तपासून.