७.२ ÷ ०.०६ चं उत्तर १.२, १२ की १२०? दशांश चिन्ह किती घरं सरकवायचं?

तुम्ही लिहिलंय की सहावीतल्या मुलीने ७.२ ÷ ०.०६ चं उत्तर १.२ काढलं, तुमचं १२ आलं आणि पुस्तकात मागे १२० छापलंय. चिन्ह सरकवलं की उत्तरात ते परत मागे आणायचं का, आणि भागाकार करून संख्या उलट वाढते कशी, हे तुमचे दोन प्रश्न आहेत. पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. तुमची दोघांची उत्तरं कुठे घसरली तेही त्या आकड्यांवरूनच कळतं, म्हणून ते खाली सांगतो.

आधी दुसरा प्रश्न. ७.२ ÷ ०.०६ म्हणजे ७.२ मध्ये ०.०६ किती वेळा मावतात. ७.२ मीटर लेस आहे आणि तिचे ०.०६ मीटरचे तुकडे करायचे आहेत असं धरा. सेंटिमीटरमध्ये तीच लेस ७२० सेंमी आणि तुकडा ६ सेंमी. ७२० ला ६ ने भागलं की १२० तुकडे. तुकडा १ मीटरपेक्षा लहान, म्हणून तुकड्यांची संख्या ७.२ पेक्षा मोठी. भाजक १ पेक्षा लहान असेल तर उत्तर भाज्यापेक्षा मोठं येणार, आणि भाजक १ पेक्षा मोठा असेल तर लहान येणार (दोन्ही संख्या शून्यापेक्षा मोठ्या असतील तर हे कधीच चुकत नाही). ‘भागलं की कमी होतं’ हे मुलांच्या मनात चौथीपर्यंत इतकं पक्कं झालेलं असतं की बरोबर आलेलं उत्तरही ती खोडतात. त्यामुळे रीत शिकवण्याआधी ही गोष्ट दोन-तीन उदाहरणांत बोलून घ्या: ३ मध्ये ०.५ किती वेळा? २ मध्ये ०.१ किती वेळा?

आता रीत. मीटरचे सेंटिमीटर केले तेव्हा दोन्ही संख्यांना १०० ने गुणलं. सगळी रीत एवढीच आहे. भागाकार अपूर्णांकासारखा लिहा: अंशात ७.२, छेदात ०.०६. अंश आणि छेद दोन्हींना एकाच संख्येने गुणलं तर किंमत बदलत नाही. ७२०/६ आणि ७.२/०.०६ सममूल्य आहेत. किंमत मुळात बदललीच नाही, तर उत्तरात चिन्ह परत आणण्याचं कारणच उरत नाही. हा गोंधळ गुणाकारातून येतो. तिथे १.२ × ०.३ करताना आपण चिन्हं विसरून १२ × ३ करतो आणि शेवटी दोन घरं मोजून चिन्ह देतो, कारण तिथे संख्या खरोखरच १०० पट झालेली असते. भागाकारात दोन्हीकडची पट एकमेकींना कापून टाकते.

किती घरं सरकवायची ते फक्त भाजक ठरवतो. भाजकात चिन्हानंतर जितके अंक, तितकी घरं उजवीकडे, आणि भाज्यातही तितकीच. भाज्यात चिन्ह उरलं तरी चालतं. भाग लावताना पाढा भाजकाचा म्हणायचा असतो, म्हणून पूर्ण संख्या व्हायला हवी ती भाजकाची.

तुमच्या मुलीने ०.०६ चे ६ केले आणि ७.२ तसंच ठेवलं, म्हणून ७.२ ÷ ६ = १.२ आलं. तुम्ही दोन्हीकडची चिन्हं काढली खरी, पण ७.२ चं एक घर आणि ०.०६ ची दोन घरं. म्हणजे भाज्य १० पट आणि भाजक १०० पट, म्हणून उत्तर दहा पटीने कमी पडलं. ही दुसरी चूक जास्त दिसते, कारण वहीत ७२ ÷ ६ नीटनेटकं वाटतं. १.४४ ÷ १.२ मध्ये तीच चूक उलट्या बाजूने होते: १४४ ÷ १२ = १२ असं लिहिलं जातं. तिथे एकच घर सरकवायचं, १४.४ ÷ १२ = १.२

भाज्यातले अंक संपले तर शून्य लावायचं. ७.२ दोन घरं सरकवलं की ७२० होतं, ७२ नाही. पूर्ण संख्येला दशांशाने भागतानाही हेच. १८ ÷ ०.४५ मध्ये १८ ला चिन्ह दिसत नाही म्हणून मुलं त्याला हात लावत नाहीत आणि १८ ÷ ४५ = ०.४ लिहितात. सुरुवातीचे काही दिवस पूर्ण संख्या मुद्दाम १८.०० अशी लिहायला लावा. मग १८०० ÷ ४५ = ४० सरळ दिसतं.

पुढचे गुण जातात ते प्रत्यक्ष भाग लावताना, मुख्यतः शून्यावर. ९.१८ ÷ ४.५ घेऊ. भाजकात एक घर, म्हणून ९१.८ ÷ ४५. भागाकार, म्हणजे येणारं उत्तर, भाज्याच्या डोक्यावर लिहायला सांगा. उजवीकडे कंसाबाहेर लिहायची पद्धत पूर्ण संख्यांना ठीक आहे, पण दशांशात स्थानं एकाखाली एक दिसली पाहिजेत. चौकटीची वही असेल तर उत्तम, एका चौकटीत एक अंक. भाग लावायला सुरुवात करण्यापूर्वीच, चिन्ह सरकवल्यानंतर भाज्यात ते जिथे आलंय, त्याच्या बरोबर वर भागाकाराच्या ओळीत चिन्ह देऊन ठेवायचं. आता ९१ ला ४५ ने दोनदा भाग जातो, ९० वजा, बाकी १. पुढचा ८ खाली घेतला, १८ झाले. १८ ला ४५ ने भाग जात नाही, म्हणून ८ च्या डोक्यावर ० लिहायलाच हवं. मग भाज्याला एक शून्य जोडून ते खाली घ्यायचं, १८० ला चारदा भाग जातो, बाकी शून्य. उत्तर २.०४. मधलं शून्य सुटलं की २.४ होतं, आणि तपासलेल्या वह्यांत ही चूक भरपूर सापडते. एक नियम घट्ट करून घ्या: एक अंक खाली आला की वर एक अंक गेलाच पाहिजे, भाग गेला नाही तर शून्य.

सुरुवातीच्या शून्यांचंही तेच. ०.०३७८ ÷ ०.९ म्हणजे ०.३७८ ÷ ९. एककाच्या जागी ०, मग चिन्ह, दशांशाच्या जागी ३ ला ९ ने भाग जात नाही म्हणून ०, मग ३७ ला ४ वेळा, बाकी १, मग १८ ला २ वेळा. उत्तर ०.०४२

अंदाज रीतीच्या आधी करायचा, नंतर नाही. ९.१८ ÷ ४.५ म्हणजे ९ मध्ये साडेचार, साधारण दोनदा. २०.४ आलं तर तिथेच थांबता येतं. मात्र अंदाजाने २.४ आणि २.०४ यांतला फरक कळत नाही, त्यासाठी गुणाकाराचा ताळा हवा. २.०४ × ४.५ = ९.१८ जुळतं, २.४ × ४.५ = १०.८ जुळत नाही. ताळा मूळ भाजकाने करायचा, सरकवलेल्या नव्हे. तरच चिन्हाची चूकही पकडली जाते.

एक जागा अशी आहे जिथे चिन्ह परत आणावं लागतं, आणि शिकवताना ती बहुधा राहून जाते: बाकी. १० लिटर तेल ०.७५ लिटरच्या बाटल्यांत भरायचं आहे. १० ÷ ०.७५ म्हणजे १००० ÷ ७५, भागाकार १३, बाकी २५. पण २५ लिटर तेल उरलं का? एकूण तेलच १० लिटर आहे. दोन्ही संख्या १०० पट केल्यावर भागाकार तसाच राहतो, बाकी मात्र १०० पट होते. ती १०० ने भागली की खरी बाकी ०.२५ लिटर. पडताळा: १३ × ०.७५ = ९.७५ आणि ९.७५ + ०.२५ = १०. शाब्दिक उदाहरणात ‘किती उरेल’ विचारलं असेल तर एवढं बघाच.

काही भागाकार संपतच नाहीत. २ ÷ ०.३ म्हणजे २० ÷ ३, उत्तर ६.६६६… असं चालू राहतं. २०/३ सारख्या अतिसंक्षिप्त रूपात छेदाला २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव असेल तर असं होतं. प्रश्नात दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर मागितलं असेल तर तीन स्थळं काढायची, तिसरा अंक ५ किंवा जास्त असेल तर दुसऱ्यात १ मिळवायचा: ६.६७

काही भाजकांना तर लांबलचक भाग लावायची गरजच नाही. ०.५ ने भागणं म्हणजे २ ने गुणणं, ०.२५ ने भागणं म्हणजे ४ ने, ०.२ असेल तर ५ ने, ०.१२५ असेल तर ८ ने. घरात कुणाला निमकी, पावकी, पाऊणकी (अर्धा, पाव, पाऊण यांचे जुने पाढे) पाठ असेल तर ती इथे फार कामाला येते. आठ पाऊण सहा, म्हणून ६ ÷ ०.७५ = ८. हे तोंडी करून घ्या, अंदाज आपोआप सुधारतो.

सरावाला वेगवेगळे अवघड आकडे देऊ नका. तेच अंक ठेवा आणि फक्त चिन्ह हलवा, म्हणजे पाढ्यात शक्ती जात नाही आणि सगळं लक्ष चिन्हावर राहतं. उदाहरणार्थ, ४८ आणि ६ घेऊन हा संच द्या: ४.८ ÷ ०.६, ४.८ ÷ ०.०६, ०.४८ ÷ ०.६, ४८ ÷ ०.६, ४८ ÷ ०.०६, ०.०४८ ÷ ०.०६, ०.०४८ ÷ ०.६. उत्तरं याच क्रमाने ८, ८०, ०.८, ८०, ८००, ०.८ आणि ०.०८ आहेत. प्रत्येक उदाहरणात भाग लावण्याआधी तिने दोनच गोष्टी तोंडाने सांगाव्यात: दोन्ही संख्यांना कितीने गुणलं, आणि उत्तर भाज्यापेक्षा मोठं येणार की लहान. या सातही उदाहरणांत भाजक १ पेक्षा लहान आहे, म्हणून ‘मोठं’ हे उत्तर ती पाठ म्हणू लागेल. मध्येच ४.८ ÷ १.६ आणि ०.४८ ÷ १.२ घालून बघा. त्यांची उत्तरं ३ आणि ०.४ येतात.