गोड आणि गोडा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. ‘कोपऱ्यात ठेवलेल्या आजीच्या त्या दोन जुन्या पितळी समया’ हा नामसमूह तू निवडलास आणि ‘समया’ सोडून सगळ्याखाली ‘विशेषण’ लिहून मोकळी झालीस. शाळेच्या व्याकरणात ते खपून जाईल. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांच्या कार्यात्मक व्याकरणाचा प्रश्न मात्र निराळा आहे : हा शब्द इथे काय काम करतो? ‘आजीच्या’ आणि ‘त्या’ कुठल्या समया ते दाखवतात, म्हणजे डेइक्टिक. ‘दोन’ किती ते सांगतो, तो न्यूमरेटिव्ह. ‘जुन्या’ समया कशा आहेत ते सांगतो, तो एपिथेट. ‘पितळी’ त्या कुठल्या प्रकारच्या ते सांगतो, तो क्लासिफायर. आणि ‘समया’ म्हणजे थिंग, जिच्याभोवती हा सगळा पसारा.

एपिथेट आणि क्लासिफायर यांत तू अडखळशील, म्हणून तिथेच जरा थांबते. आधी ‘फार’ लावून बघ. ‘फार जुन्या समया’ चालतं, ‘फार पितळी समया’ चालत नाही. गुण कमीजास्त होतो, प्रकार होत नाही.

आता स्वयंपाकघरात ये. ‘गोड’ हा शब्द प्रमाण मराठीत बदलत नाही : गोड आंबा, गोड चिंच, गोड दूध. मग ‘गोडा मसाला’, ‘गोडं तेल’, ‘गोड्या पाण्यातले मासे’ कुठून आले? धणे, खोबरं, दगडफूल भाजून केलेला तो मसाला काही साखरेसारखा लागत नाही. तिथे चव सांगायचीच नाहीये, प्रकार सांगायचा आहे. ‘विहिरीचं फार गोड पाणी’ म्हणता येतं. ‘फार गोड्या पाण्यातला मासा’ म्हटलं की कान लगेच नकार देतो. काम बदललं तसं शब्दाने रूपही बदललं! इतकी वर्षं शिकवूनही हे उदाहरण फळ्यावर लिहिताना मला आनंद होतो.

दरवेळी रूप अशी मदत करत नाही. ‘काळा सदरा’ आणि ‘काळा मसाला’ यांत ‘काळा’ तसाच राहतो. तिथे ‘फार’ लावूनच बघावं लागतं.

आणखी एक. ‘कोपऱ्यात ठेवलेल्या’ हा क्वालिफायर, म्हणजे एका शब्दाऐवजी अख्ख्या शब्दसमूहाने थिंगचं वर्णन करणारा भाग. इंग्रजीत तो थिंगच्या मागून येतो, म्हणून तू तुझ्या तक्त्यात त्याला ओढून शेवटी नेलंस. तसं करू नकोस. मराठी त्याला थिंगच्या आधी ठेवते, तिथेच राहू दे. मीही सुरुवातीला इंग्रजीसाठी आखलेल्या रकान्यांत मराठी कोंबत होते, आणि मराठीचं स्वतःचं काही दिसेनासं झालं होतं. मापाच्या शब्दांचंच घे. इंग्रजीत ‘अ कप ऑफ टी’मध्ये रचनेचं शीर्ष, म्हणजे बाकीचे शब्द ज्याला जोडलेले असतात तो मुख्य शब्द, ‘कप’ आणि थिंग ‘टी’, अशी फारकत हॅलिडे दाखवतात. मराठीत ‘दोन पेले दूध सांडलं’ म्हणतो; ‘दोन पेले दूध सांडले’ नाही. क्रियापद पेल्यांना विचारतच नाही, ते दुधाचं ऐकतं. म्हणजे शीर्षही दूध आणि थिंगही दूध. ‘वाटीभर साखर’ म्हणताना तर ‘भर’ लागून वाटी उघडच मापापुरती उरते.

पुस्तकातली वाक्यं आता काही दिवस बाजूला ठेव. बाजारात जा, कान उघडे ठेव. ‘ओला नारळ’, ‘ओले काजू’, ‘सुकं खोबरं’ हे शब्द लोक कसे वापरतात ते टिपून आण. ‘ओला टॉवेल’ही शेजारी लिही. जिथे तुला प्रकार की गुण ते ठरवता येणार नाही, तिथे खूण कर, खोडू नकोस. ती पानं आपण आधी बघू.

तुझी,
बाई