सातवी-आठवीच्या मुलांकडून इतिहासाचा शोधनिबंध कसा लिहून घ्यावा?

तुम्ही विचारलं आहे की आठवीच्या वर्गाला इतिहासाचा छोटा शोधनिबंध द्यायचा आहे, पण मुलं इंटरनेटवरून जसंच्या तसं उतरवून आणतात किंवा मोबाइलवर एआयकडून लिहून घेतात, मग खरं काम कसं करून घ्यावं.

मुलं उतरवतात याचं मुख्य कारण आपण दिलेला विषय असतो. 'छत्रपती शिवाजी महाराजांचे कार्य' किंवा '१९४२ चा लढा' असा विषय दिला की त्याचं उत्तर शंभर ठिकाणी तयार पडलेलं असतं. तेरा वर्षांच्या मुलाने त्यात स्वतःचं काय घालायचं? म्हणून विषय देऊ नका, प्रश्न द्या. आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर कुठेही आयतं लिहिलेलं नसेल, पण गावात किंवा वस्तीत फिरून मिळू शकेल.

दुष्काळी पट्ट्यातली शाळा असेल तर १९७२ च्या दुष्काळाइतका चांगला विषय नाही. 'बाहत्तरचा दुष्काळ' हा झाला विषय. 'दुष्काळाचे परिणाम काय झाले?' हा प्रश्न अजून फार मोठा आहे. 'आपल्या गावच्या पाझर तलावावर १९७२-७३ मध्ये कोणत्या घरांतली माणसं कामाला जात होती आणि त्या मजुरीवर घर कसं चालायचं?' हा प्रश्न आठवीच्या मुलाच्या आवाक्यातला आहे. त्यात जागा ठरलेली आहे, काळ ठरलेला आहे आणि कोणाला विचारायचं तेही कळतं. पुण्यातली मुलं असतील तर १२ जुलै १९६१ ला धरण फुटून आलेला पानशेतचा पूर घ्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, तेव्हा 'आमच्या चाळीतली कुटुंबं आधी कुठे राहत होती?' एवढं विचारलं तरी पुरे. मुंबईच्या गिरणगावातल्या मुलांसाठी जानेवारी १९८२ चा गिरणी कामगारांचा संप आहे. एखाद्याला शिवकाळच हवा असेल तर नाही म्हणू नका, फक्त लहान करा. पुरंदरच्या तहात (१६६५) २३ किल्ले मोगलांना दिले गेले. त्यातला आपल्या जवळचा किल्ला कधी आणि कसा परत मिळाला, एवढाच प्रश्न ठेवा.

प्रश्न ठरवायलाच दोन तासिका लागतात, त्या द्या. पुढचा हिशेब आठवड्याला दोन तासिका, सहा आठवडे, असा धरा: दोन प्रश्नाला, दोन साधनं शोधायला, एक मुलाखतीच्या तयारीला, तीन टिपणांना, एक आराखड्याला, दोन लिहायला, एक दुरुस्तीला. निबंध ८०० ते १,००० शब्दांचा पुरतो. जास्त मागितलं की पानं भरण्यासाठी उतरवणं पुन्हा सुरू होतं.

भौतिक, लिखित, मौखिक ही साधनांची विभागणी मुलं पाठ्यपुस्तकात शिकलेली असतात, पण ती परीक्षेपुरती. आता तीच वापरायला लावा. किमान चार साधनं हवीत आणि त्यांतलं एक तरी त्या काळातलं असलं पाहिजे. पाझर तलावाचा बांध हे भौतिक साधन आहे. त्याची लांबी पावलांनी मोजून आणायला सांगितली तरी मुलांची नजर बदलते. लिखितात जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ (शासनाने ही गॅझेटिअरं डिजिटल स्वरूपात उपलब्ध करून दिली आहेत), तालुक्याच्या वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली, ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर आणि जिल्हा जनगणना पुस्तिका पाहा. या पुस्तिकेत गावागावाची लोकसंख्या मिळते. मात्र इथे एक चूक हमखास होते. मूल १९७१ आणि १९८१ चे आकडे शेजारी मांडतं, लोकसंख्या वाढलेली दिसते आणि लिहितं, 'यावरून कोणीही गाव सोडले नाही.' पहिली मोजणी दुष्काळाच्या आधीची आणि दुसरी आठ वर्षांनंतरची. मधल्या दोन वर्षांत कोण गेलं आणि परत आलं, हे या आकड्यांना ठाऊकच नाही. साधन काय सांगू शकत नाही हे ओळखणं आठवीच्या मुलाला जमतं, कोणीतरी एकदा दाखवून द्यावं लागतं.

तुमची शाळा जुनी असेल तर आणखी एक साधन तुमच्या कपाटातच आहे, जनरल रजिस्टर. त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं. १९७१ ते १९७४ या वर्षांत दर महिन्याला किती मुलांनी शाळा सोडली, हे मोजलं की एक खरा तक्ता तयार होतो. पण रजिस्टर मुलांच्या हातात देऊ नका. त्यात नावं आणि जाती असतात आणि ती माणसं गावातच आहेत. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मोजणी तुम्ही करा आणि मुलांना फक्त आकडे द्या.

विकिपीडिया वाचू द्या. तो साधन म्हणून धरायचा नाही, वाट दाखवणारा म्हणून धरायचा. लेखाखालच्या टिपांतून कोणतं पुस्तक मिळतं ते मुलांनी शोधावं.

मुलाखतीवर मात्र जास्त वेळ घालवा, कारण निबंधाचा जीव तिथे आहे आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात. 'दुष्काळात खूप त्रास झाला का?' असं विचारलं की आजी 'व्हय बाबा, लई तरास' म्हणते आणि मुलाखत संपते. हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारायचा नाही आणि उत्तर सुचवणाराही नाही. 'सकाळी कामावर किती वाजता निघायचा? बरोबर भाकरी कशाची? लहान पोर कोणाकडे ठेवायचा? मजुरीचा हप्ता कोण वाटायचं, कोणत्या वारी? पाणी कुठून आणायचा?' अशा प्रश्नांवर माणूस बोलू लागतो. मग मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी निघते, दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी निघते, खडी फोडताना हाताला आलेले फोड निघतात. दहा प्रश्न पुरे, वेळ अर्धा-पाऊण तास. दोन मुलांनी जावं, एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं. मोबाइलवर आवाज घ्यायचा तर आधी विचारायचं आणि नाव छापलेलं चालेल का हेही विचारायचं. एखादी आजी बोलता बोलता रडू लागली तर वही मिटून पाणी आणून द्यायचं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आठवणीतली सालं कच्ची असतात. पुष्कळ घरांत नंतरच्या टंचाईच्या आठवणीही 'बाहत्तर'च्याच नावावर जमा होतात. म्हणून साल विचारू नका, खुणा विचारा. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला त्याच्या आधी की नंतर? बांगलादेशच्या लढाईच्या (डिसेंबर १९७१) आधी की नंतर? तुमच्या लग्नाआधी? थोरला मुलगा चालायला लागला होता का? अशा दोन-तीन खुणा जुळल्या की वर्ष बऱ्यापैकी पक्कं होतं. बोलणाऱ्याचं त्या वेळचं वयही लिहून घ्या. पाच वर्षांच्या मुलाची आठवण आणि तीस वर्षांच्या बाईची आठवण यांचं वजन सारखं नसतं.

शिवकाळ किंवा पेशवाई घेतलेल्या मुलांची अडचण वेगळी, त्यांना इसवी सनाऐवजी शालिवाहन शकातली सालं भेटतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. राज्याभिषेक ज्येष्ठ शके १५९६ चा, म्हणून १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ चा, म्हणून १६३०. सरसकट ७८ मिळवणारं मूल जन्मसाल १६२९ काढतं आणि पुस्तक चुकलं म्हणतं. फळ्यावर ही दोन उदाहरणं शेजारी मांडा.

उतरवणं थांबवणारी खरी गोष्ट म्हणजे टिपणाच्या चिठ्ठ्या. पाठकोऱ्या ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. एका चिठ्ठीवर एकच माहिती. वर डाव्या कोपऱ्यात साधनाचा क्रमांक, उजव्या कोपऱ्यात पान नंबर किंवा मुलाखतीची तारीख. मजकूर पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत लिहायचा. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की वाक्य तसंच उतरतं, त्यात मुलाची लबाडी नसते, हात आपोआप तसा चालतो. शब्दशः हवं असेल तर अवतरणचिन्हात. प्रत्येकी २० ते २५ चिठ्ठ्या व्हाव्यात. निबंध लिहायच्या तासिकेला मुलांच्या पुढे फक्त चिठ्ठ्या हव्यात. पुस्तकं आणि मोबाइल कपाटात. एआयने लिहिलेला निबंधही इथेच अडतो, कारण ज्याच्याकडे चिठ्ठ्या नाहीत त्याला वर्गात बसून काही लिहिता येत नाही.

आराखड्यासाठी चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि ढीग करायला लावा. तीन-चार ढीग झाले की ते परिच्छेद. एखाद्या ढिगात एकच चिठ्ठी उरली तर अजून शोधायचं किंवा तो मुद्दा सोडायचा. मग प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहून घ्या. 'दुष्काळात लोकांचे हाल झाले' हे उत्तर नव्हे, कारण ते कोणताही शोध न घेता लिहिता येतं. 'आम्ही बोललो त्या नऊ घरांपैकी सात घरांतल्या बायका बांधावर कामाला गेल्या आणि त्यांतल्या पाच जणींनी तोवर मजुरी केलेली नव्हती' हे उत्तर आहे. त्यात आकडा आहे आणि 'आम्ही बोललो त्या' ही मर्यादाही आहे. नऊ घरांवरून 'महाराष्ट्रातील स्त्रिया' असं लिहिलं की खोडा. राज्याचं चित्र हवं असेल तर ते वेगळ्या साधनातून घ्यायचं. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते, हा आकडा सुरुवातीला आला की गावचा बांध मोठ्या नकाशावर बसतो. शेवटी रोजगार हमी योजनेकडे, म्हणजे मागेल त्याला काम देण्याच्या राज्याच्या योजनेकडे, जाता येतं: विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचा प्रयोग, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी. पण हे दोन वाक्यांत. तिथे मूल रमलं की गाव मागे पडतं.

एक परिच्छेद न जुळणाऱ्या माहितीला राखून ठेवा. 'बाहत्तरला धान्य नव्हतं पण प्यायला पाणी होतं' असं बरेच जण सांगतात. तुमच्या गावातली एखादी आजी दोन कोसांवरून पाणी आणल्याचं सांगत असेल तर दोन्ही लिहायचं आणि फरक का असेल याचा अंदाज, अंदाज म्हणूनच मांडायचा. त्या वस्तीला विहीर होती का? विहिरीवर सगळ्यांना पाणी भरू देत होते का? हा प्रश्न मुलांना अवघड वाटेल, गावालाही. तरी तो टाळू नका.

तपासताना पहिल्या वाचनात शुद्धलेखनाला हातच लावू नका. फक्त प्रत्येक विधानापुढे 'कशावरून?' एवढं पेन्सिलीने लिहा. लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ भरले की मूल तेवढंच दुरुस्त करतं आणि मुद्दा तसाच राहतो. दुसऱ्या वाचनात भाषा. गुण ४० असतील तर चिठ्ठ्यांना १०, मांडणी आणि पुराव्याला १५, प्रश्नाला ५, साधनांच्या नोंदीला ५, भाषेला ५. चिठ्ठ्यांना गुण आहेत हे पहिल्याच दिवशी सांगा.

पक्की प्रत होण्याआधी ज्यांनी मुलाखत दिली त्यांच्यासमोर त्यांचा भाग मुलांनी वाचून दाखवावा. ते 'तसं नव्हं, दुसऱ्या बांधावर' असं काही सांगतील, तीही एक नवी चिठ्ठी. मग निबंधाच्या दोन प्रती काढा. एक त्या घरी, दुसरी शाळेच्या ग्रंथालयात, मुलाखतीच्या तारखेसह. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती साधन म्हणून लागेल.