रंग भरण्याआधी गवत तोल

पोरी,

तुझा वणव्याच्या धोक्याचा नकाशा बघितला. लाल म्हणजे जास्त धोका, पिवळा म्हणजे कमी. मसाई पठार लालभडक, खालचा कुसळी गवताचा उतार पिवळा, आणि जळाला तो उतारच. ‘सूत्र चुकलं का?’ म्हणतेस. सूत्र ठीक आहे. गवत तोललेलं नाहीस.

पठारावर जांभा उघडा आहे. उपग्रहचित्राच्या वीस मीटरच्या पिक्सेलमध्ये निम्मा दगड आला की एनडीएमआय, म्हणजे ओलाव्याचा निर्देशांक, खाली येतो आणि तू त्याला कोरडं जळण समजतेस. दगड पेटतो का? मीटरभर चौकोनातलं गवत काप, तोल, मग रंग भर.

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या बँड ८ए आणि ११ या प्रकाशपट्ट्यांवरून पानातलं पाणी कळतं. वाळक्या काडीचं पाणी हवेच्या तापमान-आर्द्रतेवरून काढावं लागतं. सहा मिलिमीटरहून बारीक काडी तासाभरात हवेशी जुळवून घेते. सकाळी न पेटणारा उतार दुपारी भडकतो. दाजीपूरच्या जंगलात तर उपग्रहाला वरची हिरवी पानं दिसणार, आग धरतो खालचा पाचोळा. म्हणून म्हणतो, तोल.

दुपारी एक ते तीन, अंगावर दव-पाऊस नसलेलं गवत घे. एकसारख्या गवताचा साठेक मीटर रुंद पट्टा निवड, रस्त्यापासून आत. हिरवं वेगळं, वाळलेलं वेगळं, प्रत्येकी पन्नासेक ग्रॅम, घट्ट झाकणाच्या डब्यात. वजन तिथंच, ०.१ ग्रॅमच्या काट्यावर. खोलीवर येऊन नव्हे. मग झाकण काढून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास वाळव आणि पुन्हा तोल. डब्याचं वजन वजा करायला विसरू नकोस. आणि भागायचं सुक्या वजनानं! ६० ग्रॅमचे ४८ झाले तर ओलावा २५ टक्के, २० नव्हे. कोवळ्या पानांत शंभराच्या वर गेला तरी दचकू नकोस. उभं गवत तीसच्या खाली आलं की ते वाळलेलंच धर.

सापेक्ष हिरवेपणासाठी (आजची हिरवळ त्याच जागेच्या कमाल-किमान हिरवळीच्या मानानं किती) कमाल एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक, पावसाळा सरल्यावरचा, तोही अनेक वर्षांतला घे. पावसाळ्यातली चित्रं ढगांनी खाल्लेली असतात.

‘मशीन लर्निंग लावू का?’ लाव की. पण शिकवणार कशावर? व्हीआयआरएस या उपग्रहांवरच्या आग टिपणाऱ्या उपकरणाच्या ३७५ मीटरच्या ठिपक्यांवर? त्यात उसाचं पाचट आलं, भाताच्या तरव्यासाठी भाजलेली जमीन आली. शेतं वगळलीस तरी माणसं काडी कुठं ओढतात एवढंच ते शिकेल. जळण किती तयार आहे, हे नाही. शिवाय ते उपग्रह साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला जातात. चारला लागून सातला विझलेल्या वणव्याचा ठिपका कुठून येणार? जळीत बघायचं तर आधीच्या-नंतरच्या चित्रांत बँड ८ए आणि १२ ताडून बघ.

म्हातारा हटवादी आहे म्हण. काट्यावरचा आकडा नसेल तर तुझ्या लाल रंगावर मी सही करणार नाही. वनरक्षक त्यावर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, कुठं काढायची ते ठरवणार आहे, आणि त्याच्याकडं माणसं मोजकी असतात.

डब्यांचे नंबर खिळ्यानं कोर. कागदी चिठ्ठ्या ओव्हनमध्ये सुटतात, मग कुठला डबा कुठल्या उताराचा ते कळत नाही.