जुन्या आयकॉनसाठी शॉक आणि स्प्रिंग कोणते घ्यावेत?

प्रश्न : माझ्याकडे 2002 सालची फोर्ड आयकॉन 1.6 पेट्रोल आहे. रोजचा वापर सहकारनगर ते हडपसर असा असून महिन्यातून एकदा तरी पहाटे दिवे घाटातून किंवा ताम्हिणीकडे चक्कर होते. अलीकडे मागची बाजू खाली बसल्यासारखी दिसते, वळणावर गाडी झुलते आणि पुढून खडखड आवाज येतो. आमच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की, पुढच्या स्प्रिंगचा दीड वेढा कापला की गाडी रस्त्याला चिकटून चालेल. मित्राचा आग्रह परदेशी बनावटीच्या, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या संचाचा आहे. गाडी मला आणखी किमान दहा वर्षे ठेवायची आहे. काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आयकॉन 1999 च्या अखेरीस आपल्याकडे आली, तेव्हा मध्यम किमतीच्या गाड्यांत इतक्या चोख स्टिअरिंगची गाडी क्वचितच मिळत असे. ती आपण अजून हौसेने चालवता आहात, याचा मनापासून आनंद वाटला. स्प्रिंग मात्र कृपया कापू नका. त्याची कारणे पुढे देतो, पण त्याआधी एक सूचना : गाडी रॅम्पवर घेऊन खालून नीट पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

पुढून येणारी खडखड बहुतेक वेळा शॉकची, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरची, नसते. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट, अँटीरोल बारच्या (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक आणि स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावरचे रबरी माउंटिंग या चार ठिकाणी आधी शोध घ्यावा. मागे एकदा माझ्या स्वतःच्या गाडीचा पुढचा स्ट्रट उतरवला, तेव्हा आतला बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) बोटांच्या चिमटीत घेताच त्याचा शिळ्या केकसारखा भुगा झाला आणि धुळीचे रबरी आवरण हातात तुकड्यांनी आले. आवरण गेले की रस्त्यावरची कच थेट शॉकच्या चकचकीत दांड्यावर बसते, त्याच्या क्रोमवर बारीक खड्डे पडतात, ते खड्डे प्रत्येक हालचालीत ऑइल सील खरवडतात आणि मग शॉक गळू लागतो. वीस वर्षांहून जुन्या गाडीत हे सगळे रबर संपलेले आहे असेच धरून चालावे. महागडे शॉक जुन्या माउंटिंगवर बसवले, तर पैसे जातात आणि आवाज राहतो.

आता स्प्रिंगकडे वळू. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, तर तिची हेलकावत राहण्याची खोड शॉक मोडतो. मागची बाजू बसली असेल तर दोष स्प्रिंगचा. शॉक कितीही चांगला आणला तरी उंची परत येणार नाही. उलट, वळणावर झुलण्यात आणि गतिरोधकानंतर दोन-तीन वेळा डोलण्यात शॉकचा वाटा मोठा असतो. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजा आणि लिहून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल, तर एखादी स्प्रिंग थकलेली किंवा तुटलेली असण्याची शक्यता आहे. स्प्रिंगचा शेवटचा वेढा बैठकीवर गंजून तुटतो आणि चिखलाखाली तो सहज दिसतही नाही.

मेकॅनिकच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे. सहा कार्यरत, म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या, वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती सुमारे 20 टक्के कडक होते, त्यामुळे गाडी कमी झुलते हे खरे. पण उंची कमी झाल्याने चाकाला वर जायला जागाही तेवढीच कमी उरते. समजा, मुळात वरच्या बाजूला 75 मिलिमीटर जागा आहे आणि गाडी 40 मिलिमीटर खाली आणली. उरले 35, म्हणजे निम्म्याहून कमी. स्प्रिंग 20 टक्क्यांनी कडक झाल्याने हा तोटा भरून निघत नाही. शॉक बंप स्टॉपवर आपटत राहतो आणि लवकर मरतो. शिवाय, चाक खड्ड्यावरून हवेत लटकले की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल माथ्याचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा लागतो. आपल्या गल्ल्यांमधले किती गतिरोधक त्या मापाचे असतात, हे आपण रोज अनुभवता. पुण्यात चाकाच्या वर-खाली हालचालीचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा आहे आणि माझ्या सगळ्या सल्ल्याचे मूळ तेच आहे.

म्हणून स्प्रिंग मूळ उंचीच्याच घ्याव्यात; कडकपणा मूळचा किंवा फार तर 10 ते 15 टक्के अधिक. तारेची जाडी 12 वरून 12.5 मिलिमीटर झाली, तरी कडकपणा सुमारे 18 टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. तेव्हा ‘थोडी जाड आहे, चालेल’ असे दुकानदार म्हणाला तर कॅलिपर लावून पाहावे. आयकॉनचा पाया फोर्डच्याच युरोपातल्या फिएस्टाचा असल्याने त्या गाडीचे संच बसतील, असे आपल्याला सांगितले जाईल. पण आयकॉनला मागे डिकी आहे, मागच्या चाकांवरचे वजन वेगळे आहे आणि उंचीही जुळेलच असे नाही, म्हणून नुसत्या नावावर विश्वास ठेवू नये.

शॉकच्या बाबतीत माझी पसंती स्पष्ट आहे : चांगल्या नामांकित कंपनीचे, कमी दाबाचा नायट्रोजन भरलेले, दुहेरी नळीचे (एका नळीत दुसरी असलेले), मूळ लांबीचे शॉक. नुसत्या तेलाच्या शॉकमध्ये खराब रस्त्यावर बराच वेळ चालल्यावर तेलाला फेस येतो आणि पकड ढिली पडते; नायट्रोजनमुळे तो फेस बराच आवरला जातो. एकेरी नळीचे, 20 ते 30 बार दाबाचे शॉक घाटात उष्णता उत्तम सोसतात, पण त्यांचा दट्ट्या (पिस्टन) बाहेरच्या नळीतच फिरत असल्याने दगडाचा एक पोचा नळीला पडला की शॉक निकामी होतो. बिलस्टीन या शॉक बनवणाऱ्या कंपनीच्या श्रेणीतला फरक इथे समजून घेण्यासारखा आहे. त्यांचा बी6 मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असतो, तर बी8 आखूड असून खाली बसवलेल्या गाडीसाठी असतो. कंपनी कोणतीही असो, शॉक मूळ उंचीसाठी आहे की खाली बसवलेल्या गाडीसाठी, हे दुकानात जरूर विचारावे. मित्राने सुचवलेला संच ट्रॅकवर जाणाऱ्याला शोभतो. आपल्या वापरात त्याचे उंची बदलण्यासाठीचे उघडे आटे दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट बसतील.

फोर्डने 2021 साली भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, त्यामुळे नाना पेठेत माल शोधताना वर्षानुवर्षे फळीवर पडून असलेले शॉकही समोर येतील. उत्पादनाची तारीख पाहावी, दांडा पूर्ण दाबून सोडावा; गॅसचा शॉक सावकाश पण न अडखळता आपोआप वर यायला हवा. पक्के बिल घ्यावे. जुन्या शॉकमध्ये ‘तेल भरून देतो’ असे कोणी म्हटले तर नकार द्यावा.

बसवताना एक गोष्ट स्वतः उभे राहून पाहावी. लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत. चाक लटकत असताना आवळले, तर रबरी बुश कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि काही महिन्यांत फाटते. नंतर अलाइनमेंट करून घ्यावे. मूळ मापाचे सुटे भाग घातले, तर दर पाच वर्षांच्या नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीतही अडचण येण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या बलेनोचा पुढचा फक्त डावा शॉक गळतो आहे. एकच बदलला तर चालेल का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही. एका अक्षावरचे दोन्ही शॉक एकदमच बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असेल, तर जोरात ब्रेक लावताना किंवा वळणावर दोन चाके वेगवेगळी वागतात. उजवा अगदी अलीकडे, त्याच कंपनीचा आणि त्याच क्रमांकाचा बसवलेला असेल, तरच एकट्या डाव्यावर भागवावे.