पुण्यातली ओकायामा बाग आवडली, तर ती जिच्यावरून केली ती ओकायामा शहरातली मूळ कोराकुएन बाग पाहायला जपानमध्ये वाकडी वाट करून जावं का? कोणत्या महिन्यात?

जावं, पण साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या बहरासाठी, नको. तुम्ही ओसाकापर्यंत जाणारच आहात आणि एक दिवस हाताशी आहे, असं लिहिलंय. चेरीची झाडं कोराकुएनच्या बाजूला, आसाही नदीच्या काठाने आहेत, पण निव्वळ फुलंच बघायची तर क्योटोत त्याहून भरगच्च जागा सापडतील. तेवढ्यासाठी शिनकानसेन या वेगवान गाडीचं तिकीट काढू नका.

मी ओसाकाच्या बाजूला राहतो, त्यामुळे ही बाग निरनिराळ्या ऋतूंत बघून झालीय. मला ती आवडते ती शेतीमुळे. ओकायामाचा जहागीरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये काम सुरू करवलं, १७०० मध्ये ते बहुतेक पुरं झालं. देखरेख होती त्याचा कारभारी त्सुदा नागातादा याची. हा माणूस पाटपाण्यातला जाणकार. शहराला पुरापासून वाचवायला ह्याक्केनगावा नावाचा कालवा आणि समुद्र हटवून काढलेली भातखाचरं ही त्याचीच कामं. त्यामुळे बागेत नुसती तळी आणि टेकड्या नाहीत, चहाचा मळा आणि भाताचं छोटं खाचरही आहे. मे महिन्यात चहाची पानं खुडतात, जूनमध्ये पारंपरिक वेशातल्या बायका भातलावणी करतात. आपल्याकडच्या माणसाला भातलावणी बघायला जपानला कशाला जायचं, असं वाटेल. पण जहागीरदाराच्या शोभेच्या बागेत, मागे किल्ला आणि पुढे चिखलात वाकलेल्या बायका, हे दृश्य आपल्याकडे कुठे मिळणार?

पुण्याच्या दहा एकरांची सवय असेल, तर पहिल्यांदा जाणवतो तो मोकळेपणा. बाग तेरा हेक्टरांवर आहे, म्हणजे साधारण तिप्पट, आणि त्यातला मोठा भाग सपाट हिरवळ. जपानी बाग म्हणजे दाटीवाटी, ही कल्पना इथे मोडते. हिवाळ्यात ती हिरवळ पिवळी पडते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला चक्क पेटवून देतात, म्हणजे किडीची अंडी मरतात आणि नवं गवत जोमाने येतं. आपल्याकडे भाजावळ करतात, त्यातलाच प्रकार. त्यानंतरचे काही आठवडे मात्र बाग काळीभोर दिसते, तेव्हा फोटोंच्या अपेक्षेने गेलात तर हिरमुसाल.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. चिशिओ-नो-मोरी या कोपऱ्यात शंभरेक मेपल आहेत, ते तेव्हा लाल होतात, आणि हवा चालायला छान असते. जुलैच्या सुरुवातीला कमळं फुलतात, पण ती पहाटे बघायची आणि हवा कोकणातल्या जूनइतकी चिकट.

बाग आज दिसते ती दोनदा उद्ध्वस्त होऊन. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिचं फार नुकसान झालं. जहागीरदारांच्या काळातली चित्रं आणि नोंदी जपून ठेवलेल्या होत्या, त्यांवरून ती पुन्हा उभी केली. र्‍यूतेन ही घरवजा जागा मात्र बॉम्बहल्ल्यातून वाचली. तिच्या मधूनच ओढा वाहतो. तिथे जरा टेकून बसा, घाई करू नका.

तांबडं डोकं असलेले करकोचेही इथे पाळलेत. युद्धानंतर ते उरले नव्हते. चिनी लेखक ग्वो मोरुओ तरुणपणी ओकायामात शिकले होते, त्यांनी १९५६ मध्ये एक जोडी पाठवली. एरवी ते पिंजऱ्यात असतात. १ जानेवारीच्या सकाळी हिरवळीवर सोडतात, आणि त्या दिवशी गर्दी होते.

जाण्याचं सांगायचं तर शिन-ओसाकाहून शिनकानसेनने पाऊण तास, मग स्टेशनसमोरून ट्राम पकडून शिरोशिताला उतरायचं, पुढे दहाएक मिनिटं पायी. बाग सकाळी साडेसातला उघडते, ऑक्टोबर ते मार्चच्या मध्यापर्यंत आठला. दक्षिणेच्या दारातून त्सुकिमी पूल ओलांडला की समोर काळा ओकायामा किल्ला. मूळ मनोरा १९४५ मध्ये जळाला, आताचा १९६६ चा काँक्रीटचा आहे. वेळ कमी असेल तर आत न जाता तो बागेतूनच बघा, तिथूनच तो जास्त शोभतो. शाकाहारी असाल तर आत मासे नसलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, बरोबर ठेवा.